खड्ड्याची खिडकी

४ फेब्रुवारी

लॅबच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. म्हणून ही दुसरी वही. इथे माणसं असतील, आणि कोणाला दाखवायची नसल्यामुळे चार शिव्याही असतील.

आज मालकांनी बोलावून सांगितलं, "नव्या रोलचं काम तुमच्याकडे." तीन वर्षं ज्याच्यासाठी मी त्यांचं डोकं खात होतो, ते एका वाक्यात हातात पडलं. तापवून लालभडक केलेलं लोखंड दोन रोलांमध्ये दाबून त्याच्या पट्ट्या लाटायच्या, हा लाटण मिलचा धंदा. ते रोल आम्ही ओतून देतो. एकेक रोल सात टनांचा, दोन माणसं आडवी झोपली तर होतील तेवढा लांब. गरम पट्टीने घासून घासून तो झिजतो, मग मिल थांबवा, रोल काढा, कातून गुळगुळीत करा, परत चढवा. आमचा सध्याचा रोल आठशे टन माल लाटला की मान टाकतो. माझं म्हणणं, पोलादात क्रोमियम भरपूर, मॉलिब्डेनम बेताचं आणि व्हॅनेडियम चिमूटभर घालून ओतला तर तो तीन हजार टन सहज लाटेल.

मिलच्या बाई, म्हणजे तिथल्या रोल विभागाच्या प्रमुख, यांनी सांगून टाकलंय, "मे संपेपर्यंत दाखवा. नाहीतर आम्ही बाहेरून मागवू." त्यांनी बाहेरून मागवले तर आमच्या फाउंड्रीचं निम्मं काम गेलं.

घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे लाटणीच ना?" चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या विद्येची एवढीच कमाई.

१० फेब्रुवारी

पहिला रोल ओतला. ओतकाम झकास झालं. साच्यातून निघालेला रोल लाल असतानाच खड्ड्यात उतरवला. हा खड्डा म्हणजे अर्धा जमिनीत आणि अर्धा वर असलेला विटांचा हौद. रोल आत ठेवायचा, वर झाकण, झाकणावर चार बोटं वाळू, आणि दहा दिवस त्याला आपला आपण निवू द्यायचं. माझ्या मिश्रणाचं वैशिष्ट्य असं की कडक करायला त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. निवता निवताच ते कडक होतं. साध्या हवेनेसुद्धा होतं. मालकांना हे सांगताना माझी छाती दोन इंच फुगली होती.

खड्ड्याचा कारभार मामांकडे. सगळी फाउंड्री त्यांना मामा म्हणते. मी या वहीत मौनीबुवा म्हणणार, कारण हा माणूस दिवसाला दहा-बारा शब्दांच्या वर जात नाही. एकतीस वर्षं खड्डा सांभाळतायत आणि आजवर आतलं तापमान किती होतं हे कोणालाही सांगू शकलेले नाहीत. सगळा अंदाजपंचे कारभार. म्हणून मी खड्ड्याच्या भिंतीत वीतभर रुंदीची खिडकी करून घेतली. लोखंडी दार उघडायचं, तापमापकाची सळई आत सरकवायची, आकडा टिपायचा.

मौनीबुवा बराच वेळ खिडकीकडे बघत उभे होते.

"खिडकी नको, साहेब."

"का?"

"खड्डा उघडत नाहीत."

"ते ऐकलं. पण का उघडत नाहीत?"

ते विचारात पडले. खरंच पडले, उगाच नाही. मग म्हणाले, "आमचे वस्ताद उघडू द्यायचे नाहीत."

"मामा, हे काही कारण झालं का? आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय आपल्याला कळणार कसं?"

यावर ते वाळू पसरायला लागले. बोलणं संपलं. अशा माणसांमुळे आपण मागे राहतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

१३ फेब्रुवारी

रोज दुपारी चारला मोजायचं ठरवलं होतं. पण जीव राहत नाही, म्हणून सकाळी आल्या आल्याही एकदा बघतो. ७१०, ६७०, ६४०, ६०५. आकडे कसे शहाण्या मुलासारखे उतरतायत. दार उघडलं की बाहेरची गार हवा सूं करून आत ओढली जाते. मला तो आवाज आवडायला लागलाय.

२० फेब्रुवारी

तडा.

हातभर लांब, केसाएवढा बारीक, रोलच्या गळ्यापासून, म्हणजे टोकाच्या बारीक भागापासून, मध्याकडे गेलेला. सात टन पोलाद परत भट्टीत. नशीब एवढंच की तडा खिडकीच्या बाजूला होता, त्यामुळे झाकण काढण्याआधीच दिसला.

कार्बन जास्त झाला असणार. सगळे मला बघून हलक्या आवाजात बोलतायत, जणू माझ्या घरी काही झालंय. मला याआधी कधी कोणाच्या सहानुभूतीचा इतका राग आला नव्हता.

१३ मार्च

कार्बन उतरवला. दुसरा रोल ओतला, नऊ दिवस निवला, काल फुटला. पहिल्याहून वाईट. या वेळी तर मी दिवसातून तीनदा जाऊन बघत होतो, हलगर्जीपणा म्हणून कोणी बोट दाखवायला जागा नाही.

मालक माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, पण रागावले की त्यांच्या वडिलांसारखे दिसतात. "मिश्रण तुमचं, ओतकाम चांगलं, मग फुटतं कुठे?" त्यांनी विचारलं.

"खड्ड्यात," मी म्हटलं.

"खड्डा कोणाकडे आहे?"

मी उत्तर दिलं नाही. पण त्यांच्या दालनाच्या काचेतून मौनीबुवा दिसत होते आणि माझी नजर तिकडे गेली. मालकांनीही तिकडे बघितलं. हे मी मुद्दाम केलं का? नाही. बहुतेक नाही.

१८ मार्च, हॉस्पिटल

परवा सकाळी तिसरा रोल खड्ड्यात उतरला, निकेल अर्धा टक्का वाढवून. आणि दुपारी हिचं पोट दुखायला लागलं ते थांबेचना. पित्ताशयात खडे. काल शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण पोटात पू झाला होता म्हणून आठ-दहा दिवस इथेच राहावं लागेल.

इतका घाबरलो होतो की शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर मला रोलची आठवणसुद्धा आली नाही. ती आली आज सकाळी. फाउंड्रीत फोन केला, कोणीतरी खिडकीतून मोजून सांगा म्हणून. लॅबमधलं कोणी मोकळं नाही आणि मौनीबुवांना तापमापक वाचता येत नाही. म्हणजे दहा दिवस आंधळा कारभार. हा रोलही गेला असं समजायचं.

२२ मार्च, हॉस्पिटल

आज नर्सबाईंनी मला झापलं. मी दर तासाला हिच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करून जखमेची पट्टी बघत होतो. "अहो, तुम्ही बघून जखम लवकर भरणार आहे का?" त्या म्हणाल्या. ही डोळे मिटूनच म्हणाली, "बाई, त्यांना बाहेर बसवा." बाहेर बाकड्यावर बसलो. बायकोची काळजी केली तर हा मान.

२८ मार्च

ही घरी आली. अशक्त आहे, पण मला टोमणे मारण्याइतकी ताकद आहे.

आणि रोल धड आहे! केसभरसुद्धा तडा नाही. अल्ट्रासोनिक तपासणी केली, आत एक पोकळी नाही. चारी बाजूंनी सारखा कडक. मी मौनीबुवांना मिठी मारायच्या बेतात होतो, त्यांनी हात पुढे केले नाहीत म्हणून राहिलं. निकेल! अर्धा टक्का निकेलने बाजी मारली. मालकांना तीन पानांचं टिपण लिहून दिलं. बघा, डोकं असलं की होतं.

१५ एप्रिल

तीन हजार एकशे चाळीस टन! मिलच्या बाईंचा फोन आला. कधी कौतुक न करणारी बाई म्हणाली, "काढल्यावर बघितलं, अजून चालला असता." चार रोल हवेत, त्यातला पहिला मे महिना संपायच्या आत.

मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावून माझं नाव घेतलं. मौनीबुवा मागच्या रांगेत उभे होते. त्यांचंही नाव घ्यायला हवं होतं का, असा विचार मनात आला. पण त्यांनी केलं काय, खड्डा झाकून बसले.

३० एप्रिल

चौथा फुटला.

तेच निकेल, तेच क्रोमियम, दशांशापर्यंत तेच. या वेळी मी एकही वेळ चुकवली नव्हती. सकाळ, दुपार, संध्याकाळ. रविवारीसुद्धा आलो होतो. माझ्या बाजूने मी जिवाचं रान केलं. आज तडा दिसल्यावर आजूबाजूला कोणी बघतंय का ते आधी पाहिलं. इतक्या माणसांदेखत माझं नाव घेतलं होतं ना.

मिश्रण तेच, मग बदललं काय? हात. माणसाचा हात दर वेळी सारखा पडत नाही. तिसऱ्या रोलला मौनीबुवांची वाळू नीट बसली, बाकीच्यांना नाही. दुसरं काही असूच शकत नाही.

३ मे

मालक म्हणाले, "मला एक कारण हवंय, आणि ते कागदावर हवंय. बाईंना सांगायचंय की आम्ही दुरुस्ती केली."

लिहून दिलं. 'झाकणावरील वाळूचा थर असमान. खिडकीच्या बाजूस चार बोटांऐवजी सुमारे अडीच बोटे. त्यामुळे त्या बाजूने उष्णता लवकर निघून जाऊन तडा.' वाचायला एकदम पक्कं वाटतं. तडा नेहमी खिडकीच्याच बाजूला येतो, हे मी त्यात आवर्जून घातलंय. ते निरीक्षण माझंच आहे आणि चांगलं आहे.

मामांची सही लागत होती. त्यांनी कागद हातात धरून बोटाखाली एकेक शब्द घेत वाचला. मला वाटलं आता भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"अडीच बोटं?" त्यांनी विचारलं.

"सुमारे."

"खिडकीच्या बाजूला."

"हो."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे असेल," ते म्हणाले आणि सही केली. उद्यापासून यायचं नाही, हे त्यांना मालकांनी सांगितलं. मी तिथे थांबलो नाही. लॅबमध्ये जाऊन स्वच्छ असलेल्या काचा पुन्हा पुसत बसलो.

मौनीबुवा असं यापुढे लिहिणार नाही. बरं वाटत नाही.

१७ मे

पाचवा धड निघाला! मामांच्या जागी आलेल्या नव्या फोरमनने वाळू पट्टी लावून पसरली, मी तीनदाच्या ठिकाणी चारदा तपासलं, आणि तडा नाही. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग चेहरा का असा?" मी म्हटलं, थकलोय.

२२ मे

लेथवाला कटकट करतोय. रोल कातताना प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी हत्यार खडखडतं, दोन टोकं तुटली. म्हणाला, "साहेब, इथे काहीतरी वेगळंच बसलंय." मी म्हटलं, हत्याराला धार लाव. लेथवाल्यांना नवीन मिश्रण आलं की नेहमीच त्रास होतो. अल्ट्रासोनिकमध्ये काही निघालेलं नाही. रोल परवा मिलला जाईल.

२६ मे



मिलच्या बाईंनी एक तक्ता पाठवला होता. तिसरा आणि पाचवा, दोन्ही धड रोल कसे निवले त्याचे रोजचे आकडे शेजारी शेजारी भरून द्या, म्हणजे आमच्या नोंदीत राहील. पाचव्याचे भरले. चाळीस आकडे, दिवसाला चार. रकाने गच्च भरले, बघून समाधान वाटलं. मग तिसऱ्याकडे वळलो, तर त्याचा एकही आकडा नाही. तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलो होतो.

रिकामे रकाने बरे दिसणार नाहीत म्हणून अंदाजाने भरायला घेतले. ७१०, ६७० असं दोन ओळी लिहूनही झालं. आणि पेन थांबलं.

फुटलेल्या तिन्हींचे आकडे माझ्याकडे आहेत. न फुटता तीन हजार टन लाटणाऱ्याचा एकही नाही. ज्याच्याकडे मी बघितलं नाही तोच तेवढा नीट निवला.

साध्या हवेने कडक होतं. हे मीच सांगत फिरत होतो. खिडकी उघडली की गार हवा सूं करून आत जायची आणि रोलच्या एकाच बाजूवर आदळायची. ती बाजू आधी कडक व्हायची, फुगायची, आणि उरलेला रोल अजून मऊ. दोन बाजू एकमेकींना ओढत राहणार, मग फाटणार नाही तर काय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही समजेल असं आहे. मला चार महिने समजलं नाही, कारण खिडकीवर उभा असलेला माणूस मी होतो.

पण पाचवा? पाचवा तर धड आहे, आणि तो मी सगळ्यात जास्त वेळा उघडला. एक तास मी त्या एका गोष्टीला धरून बसलो. पाचवा धड आहे म्हणजे खिडकीचा दोष नाही, मामांचाच आहे. मला ते किती हवंहवंसं वाटत होतं हे इथे लिहून ठेवतो. मग लेथवाल्याचं हत्यार आठवलं. त्याच्याकडे गेलो, कोणत्या जागी खडखडत होतं ते विचारलं. त्याने नकाशावर बोट ठेवलं. खिडकीची बाजू.

म्हणजे ती बाजू जास्त कडक झालीच आहे, तडा तेवढा पडलेला नाही, पडायचा आहे. ताण आत कोंडून बसलाय. अल्ट्रासोनिकला भेग दिसते, ताण दिसत नाही. तापलेली पट्टी आणि गार पाणी आळीपाळीने बसलं की तो बाहेर येईल. सात टनांचा रोल फुटला तर तुकडे कुठवर जातात हे मी एकदा पाहिलंय.

उद्या सकाळी तो मिलवर चढणार आहे. बाईंना चार वेळा फोन लावला, उचलत नाहीत. मिलमध्ये दुसऱ्या एकाने उचलला, तो म्हणाला बाई उद्याच भेटतील, निरोप काय देऊ? मी म्हटलं, काही नाही, मीच येतो. निरोप का दिला नाही? कारण निरोप दिला की तो परत घेता येत नाही. रात्रीत कदाचित काही वेगळं सुचेल असं वाटलं असावं. अशी माझी लायकी.

२७ मे

काही सुचलं नाही. साडेसातला मिलमध्ये पोचलो. मला वाटलं होतं नऊला चढवतील. त्यांनी सहालाच चढवला होता.

लांबूनच दिसलं. पट्टी लाल सापासारखी येत होती, माझ्या रोलखाली दबून पलीकडे निघत होती, वरून पाण्याचे फवारे, वाफ. सुंदर चालला होता. दोन माणसं रोलपासून सात-आठ फुटांवर उभी राहून पट्टी सरळ ठेवणारे बाजूचे टेकू घट्ट करत होती. एक जण काहीतरी सांगत होता आणि दुसरा हसत होता.

बाई वरच्या कठड्यापाशी उभ्या होत्या. मी जिना चढून गेलो, धाप लागली होती.

"थांबवा," मी म्हटलं.

"अहो, काय झालं? किती छान चाललाय!"

"थांबवा आधी. तो रोल फुटेल."

"तपासणीत तर काहीच नाही. तुमच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे."

"कागद माझाच आहे. म्हणूनच सांगतोय."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात वर केला. भोंगा वाजला. पट्टी थांबली, तिथेच काळी पडायला लागली. ती दोन माणसं वैतागून वर बघू लागली. त्यांच्या लेखी मी कामात खोडा घालणारा एक म्हातारा.

बाईंनी खिशातून वही काढली. "मिल थांबवली की कारण लिहावं लागतं. काय लिहू? खड्ड्यातली चूक, मागच्या पत्रात होती ती?"

केवढी सोपी वाट त्यांनी पुढे केली होती. 'हो' म्हटलं असतं तरी रोल उतरला असता, माणसं वाचली असती, आणि मीही. पुढच्या खड्ड्याची खिडकी गुपचूप बुजवून टाकली असती की झालं. तो 'हो' माझ्या जिभेवर आला होता.

"नाही," मी म्हटलं. "मागचं पत्र खोटं होतं. खड्ड्यावरच्या माणसाची चूक नव्हती. तपासणाऱ्याची. माझी." मग खिडकीचं सगळं सांगितलं.

त्यांनी ते लिहून घेतलं, शब्दन् शब्द. "सही करा," म्हणाल्या. मी केली. कौतुक वगैरे काही नाही, आणि तेच बरं. क्रेन आणायला त्या खाली निघून गेल्या.

२८ मे

दुपारी बाईंचा फोन.

"तुमचा रोल फुटला. उतरवून बाजूच्या स्टँडवर नुसता ठेवला होता, जवळपास कोणी नव्हतं. गळ्यापासून उभा गेला. एक तुकडा भिंतीत घुसलाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? पुढचा कधी देताय? जून अखेरपर्यंत थांबते. त्याच्यापुढे नाही."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून रडलो. दार लावून घेतलं होतं. ती दोन माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

२९ मे

मालक उभे राहूनच बोलले. "बाईंकडे जायच्या आधी माझ्याकडे यायला हवं होतं."

"तुम्ही मला थांबवलं असतं."

"हो," ते म्हणाले, "थांबवलं असतं." मग खुर्चीत बसले. "स्वतःचं नाव लिहून दिलंत ते दिलंत. कारखान्याचं पत्र खोटं आहे असं कशाला लिहिलंत?"

"तसं होतं म्हणून."

मला काढणार का हे अजून सांगितलेलं नाही. मामांना परत घ्यायला मात्र हो म्हणाले. "पण तुम्हीच जाऊन सांगा. मी माफी मागायला जाणार नाही." खिडकी विटांनी बुजवून घेतली. गवंड्याच्या शेजारी शेवटची वीट बसेपर्यंत उभा होतो.

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, एखादा टोमणा येईल. तो आला नाही. ही म्हणाली, "त्यांच्याकडे उद्याच जा. रिकाम्या हाताने जा, काही घेऊन जाऊ नका. नाहीतर त्यांना पाहुणचार करावा लागेल."

३० मे

मामांचं घर पहिल्यांदा बघितलं. एकोणीस वर्षं बरोबर काम केलं आणि घर माहीत नव्हतं, पत्ता हजेरीच्या वहीतून काढला. मामींनी दार उघडलं. ओळख सांगितल्यावर त्यांचा चेहरा कठोर झाला, पण "या" म्हणाल्या. "मागे आहेत, अंगणात."

अंगणात विटांवर एक जुनं दार आडवं टाकलं होतं, आमच्या खड्ड्याच्या झाकणासारखं. त्यावर वाळू. मामा उकिडवे बसून दोन्ही हातांनी ती पसरत होते, डोळे मिटून. पसरून झाली की डोळे उघडायचे, एक काडी उभी खुपसायचे, वाळूचा थर कुठवर आला ते काडीवर बोटांनी मोजायचे. मग पुढच्या जागी काडी. मग सगळी वाळू ढकलून पुन्हा पहिल्यापासून.

"महिनाभर हेच चाललंय," मामी हळूच म्हणाल्या. "विचारलं तर म्हणतात, कुठे चुकतंय ते बघतोय."

मी तयार करून आणलेली वाक्यं सगळी पळाली. दाराशेजारी जमिनीवर बसलो.

"मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं. खिडकीमुळे झालं. मी उघडत होतो त्यामुळे."

त्यांचे हात वाळूतच राहिले.

"पण अडीच बोटं," ते म्हणाले.

"मी मोजलीच नव्हती. तडा पडलेला बघून मागाहून लिहिलं."

मला वाटलं, आता शिवी देतील, उठून आत जातील. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मी सुटलो असतो. ते नुसते वाळूकडे बघत होते.

"म्हणजे चार होती?"

"चारच असणार, मामा. नेहमीसारखी."

"मी हिला सांगितलं, माझा हात गेला," ते म्हणाले. "मुलालाही कळवलं." त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. "परत एकदा सांगा, साहेब. तिच्यासमोर."

मामी जवळ आल्या. मी परत सांगितलं. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि म्हणाल्या, "मुलालाही सांगाल? तो आमचं ऐकणार नाही, त्याला वाटेल आम्ही मनाचं सांगतोय." त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी न बघितलेल्या एका तरुण माणसाला मी तिसऱ्यांदा सांगितलं की तुझ्या वडिलांच्या हातात खोट नव्हती, मी खोटं लिहिलं होतं. मग तो म्हणाला, "त्यांना फोन द्या," आणि मला एक शब्दही बोलला नाही. बरोबर केलं त्याने.

निघताना मी म्हटलं, "सोमवारी सहावा रोल ओततोय. मालक हो म्हणालेत. याल का?"

मामा हातांची वाळू झटकत उभे राहिले. "खिडकी?"

"बुजवली. विटांनी, पक्की. मी स्वतः उभा राहून करून घेतली."

पत्रावर सही करताना त्यांनी माझा शब्द जसा न तपासता घेतला होता तसा आज घेतला नाही.

"येईन," ते म्हणाले. "पण आधी मी बघेन. हात लावून."

"बघा," मी म्हटलं.